मातीवरचा ओला कपडा

ताई,

सकाळचा मेसेज मी बंद केला आहे. तू गेल्यापासून एकही टाकलेला नाही. चर्चच्या ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं, "जॉनसर, तब्येत बरी आहे ना? तुमच्या मेसेजशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. पेणच्या शाळांमध्ये जाऊन आशेवर तासतासभर बोलणारा तुझा भाऊ आता सकाळी चहाचा कप घेऊन बसतो आणि त्याला एक ओळ सुचत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं झालं. लोकांना जरा झोप तरी मिळेल."

फादरांपाशी मी पापनिवेदन केलं. त्यांनी ऐकून घेतलं, क्षमा दिली, करायला प्रार्थना सांगितल्या, त्या मी केल्या. देवाने माफ केलं असेल, यावर माझा विश्वास आहे. पण अपराध तुझा केला होता आणि तू तिथे नव्हतीस. म्हणून हे तुला लिहितो आहे.

मातीपासूनच सुरू करतो, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन थांबलं.

आपले बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळायचे. नगरकडून पोटासाठी आलेला ख्रिस्ती माणूस, कोपरापर्यंत शाडूत बुडालेला. डिसेंबर लागला की मालक त्यांना मातीचा एक गोळा द्यायचे, तुमच्या देवाच्या जन्माला म्हणून. ओल्या गोणपाटात गुंडाळून बाबा तो सायकलच्या मागे बांधून आणायचे, आणि आपल्या घरात नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू व्हायचा. इतरांच्या नाताळगोठ्यात बाजारातल्या रंगीत मूर्ती असायच्या. आपल्याकडे मरिया, योसेफ, मेंढपाळ, तिन्ही राजे त्याच गोळ्यातून निघायचे, न रंगवलेले, राखाडी. माणसं तू करायचीस. मेंढरं माझ्याकडे, कारण मेंढरू बिघडलं तरी मेंढरूच दिसतं, असं तुझं म्हणणं होतं.

आणि तीन राजांचा सण झाला की सगळं परत बादलीतल्या पाण्यात. हे आपल्याला कुठल्या चर्चने शिकवलं नव्हतं. पेणमध्ये वाढलेल्या पोरांना मातीची मूर्ती पाण्यात जाते हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे रोह्याला तुझ्या घरी एका फादरांनी तुला बाळ येशूला बादलीत सोडताना पाहिलं आणि ते दारातच थबकले. तू हात पुसत म्हणालीस, "फादर, घाबरू नका. पुढच्या वर्षी परत जन्माला येणार आहे." तेही हसले. पुढे त्यांनी ती गोष्ट प्रवचनात वापरली आणि तुझं नाव घ्यायला विसरले, म्हणून तू त्यांना महिनाभर चिडवत होतीस.

गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतायचं, माती घट्ट झाली की तिचा गोळा करायचा आणि वर ओला कपडा टाकायचा. कपडा वर्षभर ओला ठेवायचा. पुढच्या नाताळाला त्यात थोडी नवी माती मळायची की झालं. बाबा गेले, तू अंगणवाडीच्या नोकरीसाठी रोह्याला आलीस, तेव्हा आईचे दागिने मी ठेवले आणि बादली तू नेलीस. वाटणी करताना मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

त्यातलंच ते मेंढरू आठवतं? मला घाई होती. तू माझी मेंढरं खाटेखाली सावलीत ठेवली होतीस, मी त्यातलं एक गुपचूप पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवलं. दुपारपर्यंत त्याची मान तडकली. मी रडत आलो, तर तू पातळ माती बोटावर घेऊन ती भेग भरायला बसलीस. "उन्हात ठेवलं की वरून वाळतं रे, आतून ओलंच राहतं. मग तडकतं. सावलीत वाळू द्यायचं." मोठेपणी ही गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगितली. धीर धरण्याचं उदाहरण म्हणून. टाळ्या पडायच्या. तुला कौतुकाने सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "गोष्ट धीराची नाय, जॉन्या. आतल्या ओलाव्याची हाय." मला वाटलं, तू नेहमीसारखी खोड काढतेस.

आपला वाद तोच होता ना? मी म्हणायचो, माणसाने वाईट तोंडातून काढू नये, विश्वास असेल तर जीभही विश्वासाची हवी. तू म्हणायचीस, देवाला आपल्या मनातलं आधीच माहीत असतं, मग त्याच्यासमोर इस्त्रीचे कपडे घालून कशाला बसायचं? मी तुला निराशावादी म्हणायचो. खरं तर मी ओळखत असलेल्यांत तुझ्याइतकं आनंदी कुणी नव्हतं. तुझ्याकडे जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर तुझा तो प्रश्न. "आज कुणाचं बरं झालं?" स्वतःचं सांगितलेलं चालायचं नाही. दुसऱ्याचं सांगायचं. अंगणवाडीतल्या पोरीला पहिल्यांदा बटण लावता आलं, शेजारच्यांची गाय व्याली, स्टेशनवरच्या म्हाताऱ्याला चष्मा मिळाला. ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याचं ताट तू हाताने झाकून धरायचीस. "दिवसभर बाहेर होतास, एक माणूस दिसला नाय तुला?" माझ्या सगळ्या व्याख्यानांत मिळून या एका प्रश्नाएवढं काही नव्हतं. हे तुला सांगायचं राहिलं.

मग तुला गाठ निघाली.

पनवेलला डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. तू बाहेर बाकावर बसली होतीस. बाहेर येऊन मी म्हणालो, "काही नाही, औषधाने कमी होईल." तू माझ्याकडे इतका वेळ पाहिलंस की मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने उठलो. परतीच्या गाडीत तुला खिडकी मिळाली. जिते स्टेशन गेल्यावर तू म्हणालीस, "जॉन्या, मला एक सांगायचंय. आज बोलून घेऊ दे."

मी काय म्हणालो ते माझ्या कानातून जात नाही. मी म्हणालो, "ताई, नकारात्मक एक शब्द बोलायचा नाही. आपला देव मोठा आहे. यंदाच्या नाताळाला तूच गोठा मांडणार आहेस, बघ."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मिठागरं गेली, पेण गेलं. मी पेणला उतरलो नाही, तुला घरापर्यंत सोडायचं म्हणून. कासू आलं तेव्हा तू म्हणालीस, "बरं. मग चहा तरी सांग."

चहावाला मिळाल्यावर मी इतका खूश झालो, जणू चहा पाजून मी तुझी निराशा घालवली.

त्यानंतर तू किती वेळा प्रयत्न केलास, ते आता एकेक करून आठवतं. एकदा मी तुला खिचडी भरवत होतो. तू चमचा बाजूला केलास आणि म्हणालीस, "मी नसले ना, तर..." मी "श्श" म्हणालो. लहान पोराला करतात तसं मोठ्या बहिणीला केलं. एकदा फोनवर तू म्हणालीस, "शनिवारी येशील तेव्हा बादलीजवळ बसू जरा." मला वाटलं, धुण्याची बादली. मी म्हणालो, कपडे धुवायला आपण बाई लावू. तू हसलीस. हसता हसता तुला खोकला आला आणि मी फोन ठेवला.

तुझ्यासाठी ठेवलेल्या प्रार्थनेच्या संध्याकाळी तर मी कळस केला. घर भरलं होतं, मी पुढे उभा होतो, आणि सगळ्यांसमोर मी तुझ्याकडून म्हणवून घेतलं, "मी बरी होणार आहे." पहिल्यांदा तू हळू म्हणालीस. मी म्हणालो, "विश्वासाने, ताई, मोठ्याने!" तू मोठ्याने म्हणालीस. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. तुझ्या डोळ्यांत नव्हतं. तू माझ्याकडे बघत होतीस, अंगणवाडीतल्या पोराने चुकीची कविता धीटपणे म्हटली की तू बघायचीस ना, तशी.

आणि फादर.

आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार घेऊ या, असं फादर स्वतःहून म्हणाले होते. मी नको म्हणालो. मला वाटलं, तेल लावलं म्हणजे आपण हार मानली. लोक म्हणतील, जॉनसरांनीच आशा सोडली. फादर म्हणाले, "अरे, तो संस्कार बळ मिळावं म्हणून असतो, नुसता मरणासाठी नाही." मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बघू." तू ते ऐकत होतीस. दोघांचं, म्हणजे तुझं आणि तुझ्या आजाराचं, सगळं मीच ठरवत होतो. पुढच्या आठवड्यात फादर मोटरसायकलवरून धावत आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि तू कुणाला ओळखत नव्हतीस. त्यांनी कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं. तुला पापनिवेदन करायचं होतं का, कुणाला काही सांगायचं होतं का, हे विचारायची वेळ माझ्या विश्वासाने खाऊन टाकली होती.

फादर मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा चर्चमध्ये झाली. माणसं पांगली. मी घर आवरत मागच्या दारी गेलो, तर सुमनमावशी मोरीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. तुझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या, खांब गावाकडच्या माहेरच्या, शेतातून थेट तुझ्याकडे चहाला येणाऱ्या. त्यांच्यासमोर ती निळी बादली होती आणि त्या एक कपडा पिळून तिच्यावर पसरत होत्या.

"भाऊ, आता ह्यो कपडा तूच भिजव. माझी भातकापणी हाय."

"कसला कपडा?"

त्यांनी वर पाहिलं. "मार्थाबायने सांगितलं नाय तुला?"

"नाही."

"सांगणार होती. म्हणायची, जॉन्या आला का सांगते. तू येऊन जायचास, न् ही म्हणायची, आज पण राहिलं गो. मग मलाच म्हणाली, तवर तू ओला ठेव."

"मला का नाही सांगितलं?"

"तू बोलू दिलंस कवा?" त्या रागाने बोलल्या नाहीत. भात यंदा कसं आलंय ते सांगावं, तशा बोलल्या. "तू आलास का तू बोलायचास. ती ऐकायची. भाऊ लांबून येतो, त्याचा जीव कशाला मोडू, म्हणायची."

मी पायरीवर बसलो. विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "अजून काय म्हणायची?"

मावशींनी पदराला हात पुसले. "घाबरायची. दुपारची माझा हात धरून बसायची. म्हणायची, सुमन, मला भ्या वाटतं गो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? वाटू दे, म्हटलं. मी हाय."

ताई, एवढंच होतं. वाटू दे, मी हाय. मावशींना मिस्सा माहीत नाही, रोझरी माहीत नाही. माझ्याजवळ तुला द्यायला सगळी शब्दांची वखार होती आणि तुला हवे असलेले हे चार शब्द त्यात नव्हते. ज्या प्रभूच्या नावाने मी तुला गप्प केलं, तो स्वतः मरणाच्या आदल्या संध्याकाळी बागेत घाबरला होता. जवळ बसा, जागे राहा, एवढंच मागत होता. हे मी लहानपणापासून दर शुभ शुक्रवारी ऐकत आलो आहे. झोपलेल्या शिष्यांचा मला राग यायचा.

मावशी गेल्यावर मी कपडा उचलला. मातीवर तुझा हात होता.

शेवटचा गोळा करून तू वरून थोपटला असशील, त्याचा ठसा. इतके महिने कपडा ओला ठेवून ठेवून कडा विरघळल्या होत्या, पण पंजा कळत होता. तुझी ती करंगळी, कारखान्याच्या दारात चेपून वाकडी झालेली, तीही कळत होती. मी कपडा परत ठेवला. मग उचलला. मग ठेवला.

त्या दिवसापासून दर शनिवारी पेणहून रोह्याला येतो. कपडा भिजवतो, पिळतो, हळूच पसरतो. आगमनकाळ लागला. तू असतीस तर पहिल्याच रविवारी माती बाहेर निघाली असती. मी बादलीपाशी जायचो आणि परत यायचो. मळायची म्हणजे तुझा हात मोडायचा. बायको म्हणाली, यंदा बाजारातून आणू मूर्ती. मी हो म्हणालो. पण आणल्या नाहीत.

नाताळाच्या आदल्या सकाळी मी बादलीसमोर बसलो असताना सुमनमावशी वालाला पाणी देऊन आल्या. म्हणाल्या, "काय रे, मूर्त्या कवा करणार?"

"मावशी, यावर तिचा हात आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यांना पदर लावला. आणि मग तुझ्यासारखंच केलं. "मग काय, मातीचा फोटो करून भिंतीला लावणार हायस? त्यासाठी भिजवायला लावली व्हय मला तिनं, उन्हातान्हात?"

मी कपडा उगाच पिळत राहिलो.

"देवाचा जलम उद्या हाय ना तुमच्या? मग दाई का झोपलीय?"

मी हसलो, ताई. तुला पुरल्यानंतर पहिल्यांदा. हसलो आणि त्यातच हुंदका फुटला, आणि मावशी गेल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. शेजारी बसून राहिल्या.

मग मी माझा हात तुझ्या हातावर ठेवला. बोटांवर बोटं. माझा पंजा मोठा, तुझ्या बोटांच्या बाहेर गेला. माती गार होती. मी दाबलं.

एकदा मोडल्यावर मळणं सोपं गेलं, असं खोटं तुला सांगणार नाही. प्रत्येक वळशाला वाटत होतं, हा तिचा अंगठा गेला, ही करंगळी गेली. पण माती हाताला ओळखीची होती. त्यात बाबा होते, आई होती, ते तडकलेलं मेंढरूही होतं. मला माणसं करता येत नाहीत, तुला माहीत आहे. मरिया मेंढरासारखी दिसत होती. राजे झालेच नाहीत. बाळ मात्र झालं, अंगठ्याएवढं. संध्याकाळी ते गव्हाणीत ठेवलं तेव्हा अजून ओलं होतं, बाकीच्यांपेक्षा काळसर, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखं. सोबत रोह्याला आलेली बायको म्हणाली, "दिव्याजवळ ठेवा, लवकर वाळेल." मी म्हणालो, "नको. राहू दे ओलं."

मिस्सेत फादरांनी मला नेहमीप्रमाणे दोन शब्द बोलायला बोलावलं. मी पुढे गेलो. सगळे मेसेजवाल्या जॉनसरांकडे बघत होते. मी म्हणालो, "माझी बहीण मरणाला घाबरली होती आणि मी तिला घाबरू दिलं नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर जवळ बसा. बोलू द्या त्याला." एवढं बोलून खाली आलो. टाळ्या पडल्या नाहीत. बाहेर एक म्हातारी माझा हात धरून उभी राहिली, बराच वेळ, काही न बोलता. मीही बोललो नाही. शिकतो आहे.

तीन राजांचा सण झाला. मूर्ती पाण्यात सोडल्या, गाळ बसला, पाणी ओतलं, गोळा केला. वरून थोपटला नाही. तशीच ओबडधोबड ठेवली माती.

तुला आणखी काय सांगायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही. बादली कळली, भीती कळली. त्या गाडीत जिते गेल्यावर तू तोंड उघडलं होतंस ते याच्यासाठीच, की आणखी कशासाठी, हे मी विचारत राहणार. शिक्षा म्हणून नव्हे. तुझं ऐकायचं राहिलं आहे म्हणून. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, ताई. आपण भेटू, तेव्हा पहिल्यांदा तू बोल. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

आज शनिवार. तुझ्या पायरीवर बसून हे लिहिलं. मावशींनी डबा दिला आहे. प्रार्थना केली आणि तुझ्या प्रश्नापाशी थांबलो, कारण ताट झाकायला आता तू नाहीस. आज कुणाचं बरं झालं?

सुमनमावशींच्या वालाला शेंगा धरल्यात.

कपडा ओला आहे.